समर टायर की ऑल-सीझन? या चुका टाळा (मी केल्यात)

न्यू जर्सीत दुसऱ्या वर्षी सेकंडहँड फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय घेतली, आधीच्या मालकाने चारही समर टायर (गरम हवेसाठीच्या रबराचे) टाकलेले, मी म्हटलं मस्तच, बर्फ पडला की बघू. इथेच चुकलो. नोव्हेंबरातली सकाळ, रस्ता कोरडा ठणठणीत, बर्फाचा पत्ता नाही, आणि कॉम्प्लेक्समधून बाहेर पडताना पहिल्याच वळणावर मी स्टीअरिंग वळवतोय आणि गाडी आपली सरळ चाललीय, ब्रेक दाबला तर एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) पायाखाली खडखडायला लागला. उतरून ट्रेडवर (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या थरावर) नख दाबलं तर रबर कसलं, प्लास्टिकची बादली! दुपारी उन्हात तेच टायर मऊ.

तर बर्फ नका बघू, पारा बघा. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली (इथल्या हिशोबात ४५ फॅरेनहाइट) समरचं रबर कडक होत जातं आणि पकड सुटते. उणे ७ च्या खाली तर गाडी जागची हलवूच नका, ट्रेडला भेगा जाऊ शकतात आणि त्या सहसा वॉरंटीत बसत नाहीत. थंड गॅरेजमध्ये पडलेला सेट बसवायचा असेल तर आधी एक दिवस घरात उबेला ठेवा, बायको काय म्हणेल ते ऐकून घ्या.

दुसरा गैरसमज, समर म्हणजे फक्त कोरड्या रस्त्याचे. अहो उलट, जुलैच्या पावसात ब्रेक मारला तर चांगला समर टायर त्याच तोडीच्या ऑल-सीझनच्या (वर्षभर चालवायच्या टायरच्या) आधी थांबवतो, ट्रेड शिल्लक असला म्हणजे झालं.

आणि ऑल-सीझन या नावावर जाऊ नका. बाजूला एम आणि एस लिहिलंय म्हणजे फक्त ट्रेडची नक्षी तशी आहे, बर्फात टेस्ट झालीय असं नाही, त्यासाठी तीन शिखरं आणि हिमकण असलेलं चिन्ह शोधा. तेही असलं तरी काळ्या बर्फावर (रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या पातळ थरावर) तो विंटर टायर होत नाही. कॉन्टिनेंटलच्या डीडब्ल्यूएस टायरवर एक गंमत आहे, ट्रेडवरच डी, डब्ल्यू, एस (ड्राय, वेट, स्नो) कोरलेलं असतं, झिजून एस पुसला गेला की बर्फातला भरवसा संपला, मग डब्ल्यू गेला की पावसातला. टायरची आतली कड वाकून बघायला आळस करू नका.

पुढे दोन नवे, मागे जुने दोन भलत्याच प्रकारचे, असलं कडबोळं तर नकोच, ओल्या वळणावर मागची बाजू निसटते. ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनचा जोर) असली तरी ब्रेक टायरच लावतात.

आयुष्याचं म्हणाल तर मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४एस या समरवर ट्रेडवेअर (झिजेचा आकडा, जास्त म्हणजे जास्त टिकाऊ) ३००, त्यांच्याच पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ वर ५४०. हे आकडे कंपनीच ठरवते, त्यामुळे एका कंपनीतलेच आपसात ताडून बघा. थंडीत सकाळी टायरमधल्या हवेच्या प्रेशरचा दिवा लागला तर घाबरू नका, पारा १० फॅरेनहाइट उतरला की साधारण १ पीएसआय जातो, गाडी थंड असतानाच हवा भरा.

माझं मत? जागा असेल तर समर आणि विंटर असे दोन सेट, वेगळ्या रिमवर (रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना ते आधी बघा). अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर गपचूप परफॉर्मन्स ऑल-सीझन, वळणावर जरा मिळमिळीत वाटतील, चालायचंच.

पुण्यातला आतेभाऊ विचारतो मी पण ऑल-सीझन घेऊ का. अरे, तुझ्याकडे चार पहाटा थंडी, दहा वाजता स्वेटर कमरेला, तू कशाला त्यात पडतोस, जूनच्या आधी ट्रेड किती उरलाय तेवढं मोज.