पी-टू-पी नेटवर्कमध्ये रिक्वेस्ट कुणाकडे पाठवायची? लोड नीट वाटायचा असेल तर हे वाचा

फाइल शेअरिंगचं पी-टू-पी नेटवर्क (मधे सर्व्हर न ठेवता कॉम्प्युटर थेट एकमेकांना फाइल देतात ते) बनवताना बरेच जण राउटिंग म्हणजे सगळ्यात फास्ट पीअर (समोरचा कॉम्प्युटर) शोधा आणि रिक्वेस्ट तिकडे टाका एवढंच धरतात, पण प्रत्येक नोड, म्हणजे नेटवर्कमधला प्रत्येक कॉम्प्युटर, स्वतःपुरता हाच हिशोब करतो आणि मग दोनचार चांगल्या पीअरवर सगळा लोंढा जातो, त्यांच्या रांगा तुंबतात, शेवटी वैतागून ते अपलोडच बंद करतात. जो देतो त्यालाच शिक्षा, हे अजिबात चालू देऊ नका.

आधी फाइल शोधायचं बघू. ग्नुटेला या जुन्या फाइल शेअरिंग नेटवर्कसारखं दिसेल त्या शेजाऱ्याला विचारत सुटू नका, काडेमलिया ही २००२ ची शोधण्याची पद्धत घ्या, त्यात लाखो नोड असले तरी थोड्याच उड्यांत उत्तर मिळतं. फक्त एक आहे, फाइलची की (तिचा ओळख-आकडा) ज्या नोडांच्या आयडीच्या जवळ पडते त्यांच्यावरच सगळे येऊन आदळतात, म्हणून उत्तर मिळालं की वाटेत ज्या जवळच्या नोडकडे ते नव्हतं तिथे त्याची कॉपी ठेवायची, थोड्या वेळाने आपोआप उडेल अशी.

आता खरा मुद्दा, पीअर निवडायचा कसा. ज्यांच्याकडे फाइलचा हवा तो तुकडा आहे त्यातले कुठलेही दोन रँडम उचला आणि दोघांसाठी (रांगेतल्या रिक्वेस्ट + १) भागिले अपलोड स्पीड काढा, कमी येईल त्याला द्या. समजा एकाचा स्पीड १० एमबीपीएस आणि रांगेत १२, तर १३/१० म्हणजे १.३, दुसऱ्याचा स्पीड २ आणि रांगेत १, तर २/२ म्हणजे १. रिक्वेस्ट दुसऱ्याला, स्लो असला तरी! सगळ्यांतला बेस्ट शोधायचा मोह होतो पण तो टाळा, कारण रांगेची माहिती नेहमी थोडी शिळी असते आणि सगळे एकदम त्याच एकावर तुटून पडतात. स्पीडही पीअर सांगतो म्हणून मानू नका, लोक खुशाल खोटं सांगतात, गेल्या २० सेकंदांत खरंच किती डेटा आला ते मोजा.

देणाऱ्या बाजूला प्रत्येक मागणाऱ्याची वेगळी रांग ठेवा आणि पाळीपाळीने १६ केबीचा एकेक ब्लॉक द्या, म्हणजे शंभर रिक्वेस्ट मारणारा, एकच रिक्वेस्ट करणाऱ्याच्या पुढे घुसणार नाही. आयडी मात्र फुकटात हव्या तेवढ्या बनवता येतात, म्हणून एका आयपीमागे किती रांगा चालतील त्याला लिमिट हवंच, फक्त नॅटमागे (अनेकांना एकच आयपी वाटून देणारी सोय) एका आयपीवर खरे वेगवेगळे लोकही असतात तेव्हा ते फार कडक नको.

नव्या माणसाकडे द्यायला काहीच नसतं, त्याला उपाशी ठेवू नका. बिटटोरेंट दर ३० सेकंदांनी अपलोडचा एक स्लॉट (जागा) असाच कुणालातरी देतं, तो नियम जसाच्या तसा उचला.

टेस्ट करताना सरासरी स्पीडवर समाधान मानू नका. प्रत्येक पीअरचा लोड भागिले क्षमता काढून त्यावर जैन इंडेक्स (वाटणी किती समान ते सांगणारं माप) लावा, १ च्या जवळ आला की वाटणी समान, आणि मग मुद्दाम एका फास्ट पीअरचा स्पीड मधेच पाडून आकडा किती वेळात सावरतो ते बघा.