हौशी संस्थेने ‘संगीत संशयकल्लोळ’ कसे बसवावे

गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक आधी गद्यात लिहिले. पदांसह ते १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीकडून रंगभूमीवर आले. कथानकाचे मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरपर्यंत जाते. इथे हशा गैरसमजांच्या साखळीवर येतो, म्हणून नटांनी विनोद ‘करायला’ घेतला की प्रयोग पडतो. आठ आठवडे हाताशी ठेवा.

पहिला आठवडा: संहिता
देवलांचे निधन १९१६ चे, त्यामुळे मूळ संहितेवर आता स्वामित्वहक्क नाही. कुणी अलीकडे तयार केलेली रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठी संपादित केलेली संहिता, वापरणार असाल तर मात्र त्यांची परवानगी घ्या. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचे, प्रमाणपत्र लागते. संहितेची काटछाट संपताच अर्ज करा.

पाच अंक अडीच तासांत बसवायचे तर आठ ते दहा पदे ठेवावीत. ‘कर हा करी धरिला’, ‘मृगनयना रसिक मोहिनी’ आणि ‘संशय का मनि आला’ यांना हात लावू नका. त्यासाठीच अर्धे प्रेक्षक आलेले असतात.

तसबिरीचा तक्ता
संवाद कापण्याआधी नाटकातली तसबीर, म्हणजे नायक अश्विनशेटचा फोटो, कोणत्या प्रवेशात कुणाच्या हाती आहे, याचा तक्ता करा. अश्विनशेटची प्रेयसी रेवती हिला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, त्याची बायको कृत्तिका ते खिडकीतून पाहते आणि संशय धरते. रेवतीकडून पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती तिच्या हातात दिसताच फाल्गुनराव पेटतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाजवळ पाहून अश्विनशेट रेवतीवर संशय घेतो. यातला एक दुवा सांगणारे वाक्य गेले तरी पुढचा अंक प्रेक्षकाला कळत नाही.

तसबीर साधारण पाच बाय सात इंचांची असावी. काच लावू नका, दिवा त्यावर चमकतो आणि चेहरा दिसत नाही. फोटो अश्विनशेट करणाऱ्या नटाचाच, त्याच पगडीत काढलेला हवा. दोन प्रती करा. दुसरी विंगेत प्रॉपर्टीवाल्याजवळ राहील.

दुसरा ते पाचवा: तालमी
आठवडाभर नुसते वाचन करा, मगच उभ्या तालमी. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांना आपला संशय शंभर टक्के खरा वाटला पाहिजे. डोळे मोठे करणे, आवाज चिरका काढणे पहिल्याच दिवशी थांबवा, नंतर ती सवय जात नाही. स्वगत थेट प्रेक्षकांकडे, थोडे जलद बोलावे. तेवढा वेळ समोरचे पात्र कशात गुंतले आहे हे ठरवून द्या, नाहीतर ते नुसते ताटकळते. हशा आला की थांबा आणि तो उतरू लागताच पुढचे वाक्य घ्या. पूर्ण शांत होऊ दिलात तर गती जाते.

पदे गायकाच्या पट्टीत बसवा, जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या नव्हे. एक पद चार मिनिटांच्या आत. ऑर्गन आणि तबला अशा जागी हवेत की वादकांना गायकाचे ओठ दिसतील. पदाआधीचे शेवटचे वाक्य हीच त्यांची खूण, म्हणून ते नटाने बदलू नये.

सहावा ते आठवा: नेपथ्य, वेश, रंगीत तालीम
फाल्गुनरावाच्या घराची खिडकी रस्त्याच्या दृश्यात ठळक दिसायला हवी. बाकी घरे पडदे किंवा दोन-तीन फ्लॅट (रंगवलेल्या उभ्या चौकटी) बदलून भागतात. बदल अर्ध्या मिनिटात झाला नाही, तर तो पडद्यापुढच्या छोट्या प्रवेशाने झाका.

नऊवारी, उपरणे आणि पगडी सहाव्या आठवड्यापासून तालमीत घाला. पगडी सैल असेल तर आत सुती पट्टी शिवा. भांडणात ती हमखास सरकते. उपरणे कॉलर माइकवर घासून खरखर होते. शक्य असेल तर पुढचे आणि वर टांगलेले माइक वापरा.

वेश, नेपथ्य आणि प्रकाशासह दोन रंगीत तालमी घ्या. दुसऱ्या तालमीत घड्याळ लावा आणि वेळ जास्त झाला तर संवादाला हात न लावता आधी ताना कमी करा.