शाळेचा चार्ज आलाय? मग तयारी जूनला नाही, पाडव्याला सुरू करा

दर मे महिन्यात दोन-तीन जणांचे फोन येतातच, सर मुख्याध्यापकाचा चार्ज आलाय, आधी काय करू, कुठली फाईल उघडू. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मी स्वतः बालाघाटाच्या डोंगरपट्टीतल्या जिल्हा परिषद शाळेवर आहे, दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी, आणि पट तीसच्या अलीकडे-पलीकडे, तेव्हा ही यादी तशाच शाळांसाठी आहे. दोनशे-तीनशे पटाच्या शाळांचं गणित वेगळं, त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

पहिलं काम गुढीपाडव्याच्या आसपास. अंगणवाडी ताईंचं रजिस्टर मागून घ्या आणि ३१ डिसेंबरला ज्यांना सहा वर्षं पूर्ण होणार त्या सगळ्या पोरांची नावं वहीत उतरवा, वाडीवस्तीसकट, आई-बापाच्या मोबाईल नंबरसकट. शाळापूर्व तयारीचा मेळावा, ते 'पहिले पाऊल' वगैरे होतच असतं, कराच, पण मेळाव्याला येणारे बहुतेक आधीच आपले असतात, जे येत नाहीत त्यांच्या दारात जावं लागतं, आणि तालुक्याच्या इंग्लिश मीडियमचे लोक पॉम्प्लेट घेऊन जायच्या आत जावं लागतं. मागच्या वर्षी एका घरी गेलो तर आज्जी ओट्यावर बसलेल्या, म्हणाल्या, "गुर्जी, तुमच्याकडं गाडी येती का न्यायला?" आता आपल्याकडे कुठली गाडी. त्या शाळेच्या पिवळ्या गाडीला नावं ठेवत बसलो असतो तर तिथंच विषय संपला असता. सोबत त्याच वस्तीवरची दुसरीतली एक मुलगी नेली होती, तिला म्हटलं वाच गं ते, आणि तिनं ओट्याला टेकवलेल्या खताच्या पोत्यावरचं नत्र, स्फुरद, पालाश आणि खालची कंपनीची अख्खी बारीक अक्षरं खडाखडा वाचली. आज्जींनी विचारलं, हिला ट्यूशन आहे का? नाही म्हटल्यावर पोराचं नाव पक्कं झालं. तेव्हा घरभेटीला जाताना अहवाल, फोटो, बक्षिसाचं सर्टिफिकेट काही नेऊ नका, वाचणारं एक पोरगं न्या.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की पैसा, शिक्षक, पोषण आहार, सगळं पटाच्या त्या एका आकड्याला टांगलेलं आहे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेच्या वर्षभराच्या खर्चाला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान बघा, ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० असेल तर २५ हजार. म्हणजे एकतिसावं पोरगं १५ हजारांचं. शिक्षकांचंही तसंच, शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकला ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ ला तिसरा, आणि वर्ग चार असले तरी शिक्षक दोनच. मला हे कधीच पटलेलं नाही, कारण छप्पर एकतीस पोरांवर जेवढं गळतं तेवढंच तीस पोरांवरही गळतं, लाईटबिलही तेवढंच येतं, पण नियम असा आहे तर असा आहे, आपण आकडा सांभाळायचा.

आणि आकडा वर्गात मोजून उपयोग नाही, तो यूडायस या शाळांच्या सरकारी माहिती पोर्टलवर दिसला पाहिजे, ३० सप्टेंबरला. इथं मी स्वतः मार खाल्लाय. जुलैमध्ये एक मुलगा खासगी शाळेतून आमच्याकडे तिसरीत आला, दाखला नव्हता, तरी घेतला, कायद्यानुसार दाखल्यासाठी प्रवेश अडवता येतच नाही. पोरगं रोज येतंय, खिचडी खातंय, हजेरीपटावर आहे, पण यूडायसवर आधीच्या शाळेनं त्याला सोडलंच नव्हतं. मी फोन केले, आज करतो उद्या करतो असं चाललं, मग गणपती आले, मग माझ्याकडे बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम आलं, आणि तारीख निघून गेली. आमचे ३१ होते, पोर्टलवर ३०. म्हणून सांगतो, बाहेरून आलेल्या पोराचा पेन नंबर (यूडायसवरचा त्याचा कायमचा नंबर) पहिल्या आठवड्यातच मागून घ्या, पोर्टलच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे आधीच्या शाळेनं सोडलेल्या पोरांच्या यादीत, दिसतोय का बघा, दिसत नसेल तर आधीच्या शाळेला लेखी पत्र आणि त्याची प्रत केंद्रप्रमुखांना, फोनवर राहू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट.

आधारचं याच्याच जोडीला. संच मान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवताना, आधार व्हॅलिड झालेली पोरंच धरतात, आणि पहिलीतल्या निम्म्या पोरांचं बाल आधार असतं ज्यावर बोटांचे ठसेच नसतात, पाच वर्षं झाली की ते अपडेट करावं लागतं हे पालकांना माहीतच नसतं. शिवाय आधारवर नाव एक, जन्मदाखल्यावर दुसरं, बापाच्या नावापुढे कुठे 'राव' लागलेलं कुठे नाही. हे जूनमध्येच एका बैठकीत बसून तपासा, ज्यांचं जुळत नाही त्यांची वेगळी यादी करा आणि सगळ्यांना एकाच बाजारच्या दिवशी तालुक्याला न्या, एकेकट्यानं कुणी जात नाही, मजुरी बुडते त्यांची.

आता स्टाफ. दोनपैकी एक पद रिकामं असणं ही आपल्याकडे बातमी राहिलेली नाही. पवित्र पोर्टलवरची शिक्षक भरती येईल तेव्हा येईल, बदल्यांच्या फेऱ्या होतील तेव्हा होतील, वर सुप्रीम कोर्टानं सेवेतल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) सक्तीची केली त्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर निम्मा स्टाफ संध्याकाळी टीईटीची पुस्तकं घेऊन बसलेला, मी त्यांना दोष देत नाही, नोकरीचा प्रश्न आहे. पण आपली तयारी अशी धरूनच करायची की वर्षातले बरेच दिवस चार वर्ग एकट्यालाच सांभाळायचे आहेत. चौथीतल्यांना पहिलीवाल्यांसोबत जोडीनं बसवायची सवय जुलैतच लावा, ऐनवेळी लावायला गेलात तर नुसता गोंधळ होतो. पद रिकामं असल्याचं पत्र दर दोन महिन्यांनी पंचायत समितीला द्या आणि पोच घ्या, आवक नंबर नसलेलं पत्र म्हणजे दिलेलंच नाही असं समजा. संच मान्यतेची प्रत हातात आली की त्याच दिवशी आकडा तपासा, चूक असेल तर दुरुस्तीचा प्रस्ताव लगेच. ज्यांच्याकडे सहावी ते आठवीचे वर्ग आहेत त्यांनी तर १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय छापून भिंतीला लावावा, त्या गटाचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षक शून्य, आणि शिक्षक नाही म्हटल्यावर उरलेली पोरं तरी कशाला थांबतील. वीसच्या आतल्या शाळा राज्यात १४ हजारांच्या वर आहेत, समूह शाळेची, म्हणजे छोट्या शाळा एका मोठ्या शाळेत मिसळायची, टांगती तलवार त्यांच्यावर आहेच, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं आपल्याला मीटिंगमध्ये ऐकवली जातात, तिथं जमलं असेल, आमच्या घाटातून सात वर्षांची पोरं पावसाळ्यात पाच किलोमीटर कशी नेणार ते मात्र कुणी सांगत नाही.

डोंगरपट्टीतल्यांसाठी अजून एक, बाकीच्यांनी सोडून द्या. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात, कोयत्याबरोबर पोरंही जातात. टोळीच्या मुकादमाला आधीच भेटा, उचल (आगाऊ पैसे) कुणी घेतलीय, गाडी कुठल्या तारखेला भरणार हे त्याला पक्कं माहीत असतं. आज्जी-आजोबा घरी राहणार असतील तर पोरगं त्यांच्याकडे ठेवायला आई-बापाला दिवाळीच्या आधीच तयार करा, मागे राहणाऱ्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव त्याच्याही आधी, आणि जी पोरं जाणारच आहेत त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. कार्ड दिलं की प्रश्न सुटला असं नाही हं, कारखान्याच्या फडाजवळची शाळा ते बघेलच याची काही गॅरंटी नाही, म्हणून मी कार्डाच्या मागे माझा नंबर लिहितो, दोनदा समोरच्या सरांचा फोन आलाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो कारण पैसाच थोडा आहे. शाळा व्यवस्थापन समिती जूनमध्येच नीट बसवा, ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला हे कागदावर नको, खरंच बघा, कारण अध्यक्ष बदलला की बँकेतल्या सह्या बदलायला आमच्याकडे दीड महिना जातो आणि तेवढ्यात पैसे आले तर खर्च करता येत नाहीत. संयुक्त अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेवर दाखवायचे असतात, ते आधी काढा, मग खडू, झाडू, लाईटबिल, पत्र्याची डागडुजी. अनुदान अर्धवट येतं, कधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतं आणि ३१ च्या आत संपवा म्हणतात, म्हणून दुकानदाराची कोटेशन जानेवारीतच घेऊन ठेवायची. संडास, पाण्याची टाकी, नळ असल्या कामांना शाळेचा पैसा लावूच नका, ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा बंधित निधी त्याच कामांसाठी असतो, फक्त आराखडा ठरतो त्या ग्रामसभेला तुम्ही आणि चार आया हजर पाहिजेत. गणवेशाचं २०२४ मध्ये वरूनच वाटायचं ठरलं तेव्हा काय झालं ते सगळ्यांना आठवतंय, आता परत समितीकडे आहे तर मापं जूनमध्येच घेऊन टाका, चौथीतली पोरं दिवाळीपर्यंत दोन इंच वाढतात.

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या नावाजलेल्या जिल्हा परिषद शाळेचे व्हिडिओ ग्रुपवर फिरतात, पालक तुम्हाला ते दाखवणार, आपली शाळा अशी का नाही म्हणणार. चिडू नका. बघून या जमलं तर, मी जाणार आहे.

राहिलंच एक, घरभेटीला संध्याकाळी सातनंतर जा. दिवसा सगळे रानात असतात, आणि दाराला कडी बघून परत आलं की दुसऱ्यांदा जायचा आपल्यालाच कंटाळा येतो.