व्हेप आणि मारामारी: मी वर्गात हे दोन तास कसे घेते

हा विषय पहिल्यांदा घेतला तेव्हा मी काळवंडलेल्या फुप्फुसांचे फोटो दाखवले होते. वर्गात अंधार, पडद्यावर फुप्फुस आणि मागच्या बाकांवर खुसखुस. दिवे लावले तेव्हा एकजण पेनाच्या टोपणाने झुरके मारायची नक्कल करत होता. आणि खरं सांगायचं तर चूक माझी होती. ते फोटो सिगारेटचे होते, व्हेपचे म्हणजे ई-सिगारेटचे नव्हतेच, आणि हे पोरांना ठाऊक होतं. एकदा त्यांनी तुम्हाला असं पकडलं की नंतर तुम्ही कितीही खरं बोला, ते वाऱ्यावर जातं.

म्हणून आता पहिला नियम: घाबरवायचं नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून वाट चुकलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दमात घ्यायचे कार्यक्रम चालले. पुढे त्यांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा दिसलं की अशी मुलं इतरांपेक्षा जास्तच गुन्हे करत होती. आपण वर्गात आरडाओरडा करतो तेव्हा याच जातीचं काहीतरी करत असतो.

दुसरा नियम, व्हेप आणि मारामारी वेगळ्या आठवड्यांत घेऊ नका. माझ्या पाहण्यात दोन्हींची मंडळी एकच असतात. एकाने व्हेपची डबी आणायची, दुसऱ्याने उधारीवर झुरके घ्यायचे, पैसे थकले की धक्काबुक्की आणि कुणी मोठ्यांना सांगितलं की ‘तूच बोललास ना?’ म्हणून शाळा सुटल्यावर ठोकाठोकी. त्यात निकोटीनची सवय लागलेल्या मुलाला काही तास ते मिळालं नाही की चिडचिड सुरू होते, लक्ष लागत नाही. मधल्या सुट्टीच्या जरा आधी कोण उगाच भडकतं ते आठवडाभर टिपून ठेवा.

पहिल्या तासाला चिठ्ठ्या वाटा. नाव नाही, सगळ्यांना एकाच रंगाचं पेन. प्रश्न दोनच: तू कधी व्हेप ओढलं आहेस का, आणि तुझ्या मते या वर्गात किती जणांनी ओढलं असेल? चिठ्ठ्या घरी नेऊन मोजा, वर्गात नाही. गेल्या वेळी चाळीस मुलांच्या वर्गात अंदाज वीसच्या आसपास घुटमळत होता आणि ‘हो’ लिहिलेल्या चिठ्ठ्या एका मुठीत मावल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, एक शब्द बोलले नाही. ‘सगळेच करतात’ हे वाक्य त्या दिवशी तरी कुणी उच्चारलं नाही. मात्र ‘हो’ जास्त निघाले तर आकडा जाहीर करू नका, उलटा परिणाम होईल. तो मुख्याध्यापकांशी बोलायचा आकडा आहे.

त्याच तासाला दोन काचपट्ट्या घ्या. एकीवर पाण्याचा थेंब, दुसरीवर ग्लिसरीनचा. पट्ट्या खिडकीत ठेवा आणि विषय बदला. दुसऱ्या दिवशी पाणी उडालेलं असतं, ग्लिसरीन तिथेच. बोट लावून बघू द्या, चिकट लागतं. मग सांगा की व्हेपमधून येते ती वाफ नव्हेच. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनच्या बारीक थेंबांचा तो फवारा असतो, त्यात निकोटीन, वासाची रसायनं आणि तापणाऱ्या तारेतून सुटलेले निकेल-क्रोमियमसारखे धातूंचे कण. ‘व्हेप’ या इंग्रजी नावातच वाफ असल्यामुळे निम्मी फसवणूक तिथेच होते.

इथे एक हुशार हात हमखास वर येतो: ‘बाई, ग्लिसरीन तर औषधात असतं, खातातसुद्धा.’ या हाताची मी वाटच बघत असते. पोट वेगळं आणि फुप्फुस वेगळं, हे उदाहरणानेच पटतं. डायअसिटिल नावाचा लोण्याच्या वासाचा पदार्थ खाण्यात चालतो, पण २००० साली अमेरिकेतल्या मिसुरीमध्ये पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याची वाफ रोज श्वासातून घेणाऱ्या कामगारांच्या सूक्ष्म श्वासनलिका कायमच्या आकसलेल्या आढळल्या. व्हेपच्या काही स्वादांतही हाच पदार्थ सापडलेला आहे. ई जीवनसत्त्वाचं अॅसिटेट लोक त्वचेला लावतात. तेच व्हेपच्या द्रवात मिसळलं गेलं आणि २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथच आली: फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात, ६८ मृत्यू. आता पुढचं वाक्य गाळू नका. यातले बहुतेक रुग्ण गांजातला अंमली घटक असलेला माल ओढणारे होते. हे तुम्ही दडवलंत तर कुणीतरी फोनवर शोधून काढेल आणि तुम्ही पुन्हा फुप्फुसांच्या फोटोंपाशी याल.

निकोटीनचं मी गणितच करून घेते. व्हेपच्या द्रवात निकोटीन ५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम. डबीत २ मिलिलिटर असेल तर किती? शंभर. एका सिगारेटमधून अंगात जातं साधारण एक ते दोन मिलिग्रॅम. डबीतलं अर्धंच शोषलं गेलं असं धरा आणि सिगारेटी मोजा. उत्तर पंचविसाच्या खाली येत नाही. युरोपीय संघाने मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा का घातली, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. श्वासातून गेलेलं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि मेंदूची घडण तर पंचविशीपर्यंत चालू असते, एवढं सांगून थांबा.

दुसरा तास मारामारीचा. इथे भाषण नकोच, तालीम हवी. कॅनडातल्या संशोधकांनी प्राथमिक शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून दादागिरीचे प्रसंग टिपले होते, निष्कर्ष २००१ साली छापून आले. ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडलं कुणी? १९ टक्क्यांत. पण पडलं तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के, दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला. हे सांगितल्यावर मी घड्याळ लावते आणि दहा सेकंद गप्प बसायला सांगते. पोरांना ते फार लांब वाटतात.

मग वाक्यं तयार करून घ्या, त्यांच्याच तोंडची. ‘थांबवा ही हिंसा’ असं कुणी पोर बोलत नाही. माझ्या वर्गाने काढलेली: ‘ए चल, बाईंनी बोलावलंय तुला.’ ‘सोड ना यार, जाऊ दे.’ ‘फोन खाली कर, शूटिंग नको.’ पहिलं सगळ्यात भारी, कारण त्यात मार खाणाऱ्याला बाजूला काढता येतं आणि मारणाऱ्याचं नाकही कापलं जात नाही. तिन्ही मोठ्याने, उभं राहून, चार-चार वेळा म्हणून घ्या. आधी लाजतात. लाजू दे.

दोन पथ्यं मात्र कडक. ज्याचा खरंच छळ होतो आहे त्याला नाटकात मार खाणारा करू नका, आणि जो खरंच छळतो त्याला मारणाऱ्याची भूमिका देऊन टाळ्या मिळवून देऊ नका. मी स्वतःच दादा होते. पोरांना ते भलतंच आवडतं. आणि स्पष्ट बजावा: हातघाई सुरू झाली की मध्ये शिरायचं नाही. हत्यार दिसलं तर पळायचं आणि मोठं माणूस गाठायचं, बाकी काही नाही.

‘आम्हाला येऊन सांगा’ एवढं म्हणून भागत नाही. सांगितल्यावर काय होईल ते सांगा: कोण ऐकेल, नाव कुणाला कळेल, घरी फोन कधी जाईल. व्हेप ओढणारं पोर स्वतःहून आलं तर दप्तर उलटं करू नका. सोडताना पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात, त्या दिवसांत त्याच्या चिडण्याची शिक्षा करू नका आणि समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी गाठ घालून द्या.

शेवटी प्रश्नपेटी ठेवा, कुलपाची. एकदा तीत चिठ्ठी आली, ‘माझा दादा ओढतो. बोललो तर मारेल.’ अक्षर ओळखीचं होतं, तरी मी त्या बाकाकडे पाहिलं नाही. वर्गाला एवढंच सांगितलं की हा आठवडाभर शाळा सुटल्यावर मी लॅबमध्ये एकटीच आहे, दार उघडं असेल. तिसऱ्या दिवशी दारातून आवाज आला, ‘बाई, बीकर धुवायला मदत करू?’ बीकर धुतलेलेच होते. मी त्यातले चार पुन्हा नळाखाली ठेवले.