झिकाचं मॉडेल: डासासोबत लैंगिक संसर्गही हिशेबात धरा

पुरंदरच्या बेलसरला २०२१मध्ये, एरंडवण्यात २०२४मध्ये झिका सापडला. पुण्यासाठी साथ कशी पसरेल याचं गणिती मॉडेल बांधायचं तर डेंगीचं तयार मॉडेल जसंच्या तसं उचलू नका. डेंगीत बरा झालेला माणूस हिशेबातून सुटतो. झिकात रक्तातला विषाणू साधारण आठवड्यात जातो, वीर्यात मात्र कित्येक आठवडे, कधी महिनेही टिकतो.

म्हणून स्त्री-पुरुष वेगळे मांडा आणि पुरुषांना 'बाधित'नंतर आणखी एक कप्पा (एकाच अवस्थेतल्या माणसांचा गट) द्या. त्यातल्या माणसाला चावून डास बाधित होत नाही, जोडीदाराला मात्र लागण होऊ शकते. बाधितांचाच काळ लांबवलात, तर डासांकडची लागण उगाच फुगते.

डासाचं आयुष्य १४ दिवस, अंगात विषाणू पिकायला १० दिवस धरा. हे १० दिवस एकाच कप्प्यात घातले, म्हणजे १० ही नुसती सरासरी ठरली, तर विषाणू पिकेपर्यंत ५८ टक्के डास तगतात. प्रत्येक डासाला ठरावीक १० दिवस धरले तर ४९ टक्केच. कप्पा तीन तुकड्यांत तोडा, आकडा ५३वर येतो.

आता मूळ प्रसारांक तपासा, म्हणजे लागणीच्या दर टप्प्यात बाधित सरासरी किती पट होतात ते; १च्या खाली गेला तर साथ ओसरते. माणसाकडून डासाला आणि डासाकडून माणसाला होणाऱ्या लागणींचा गुणाकार 'ड', लैंगिक वाटा 'ल' माना:

प्रसारांक = (ल + √(ल² + ४ड)) ÷ २

उदाहरणादाखल ड १.४४, ल ०.२ घ्या. प्रसारांक १.३०. चावे २५ टक्क्यांनी घटले तर ड ०.८१ होतो, कारण चावा दोन्ही बाजूंनी मोजला जातो. ल सोडून दिला तर उत्तर ०.९, साथ आटोक्यात! ल धरला की १.००६. त्यात कंडोममुळे ल ०.१५ झाला, तर ०.९८. नुसत्या कंडोमने, अगदी ल शून्य करूनही, १.२च उरतो. चावे एवढेच घटणार असतील तर दोन्ही उपाय एकत्रच लागतात, आणि हे गणितातून दिसणं फार मोलाचं आहे.

उपाय योग्य जागी बसवा. कोरडा दिवस पाळणं, पिंपातल्या अळ्या मारणं हे डासांच्या जन्मदरात, धूरफवारणी मृत्युदरात. झिका पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, तेव्हा रात्रीच्या मच्छरदाणीला मोठा गुण देऊ नका.

खर्चासह उपायांचं सर्वोत्तम वेळापत्रक काढताना स्थिती (दर दिवशी कोणत्या कप्प्यात किती) पुढे चालवा, सहअवस्था (त्या स्थितीतल्या बदलाचा पुढच्या एकूण खर्चावर किती परिणाम होतो, तो आकडा) शेवटच्या दिवसापासून मागे. हे पुन्हा पुन्हा करा; दर फेरीत जुन्या-नव्या उपायांची सरासरी घ्या, नाहीतर उत्तर हेलकावत राहतं. दोन फेऱ्यांतला फरक ०.००१खाली गेला की थांबा. शेवटच्या दिवसांत सगळे उपाय शून्याकडे घसरलेले दिसतील. ते साथ संपल्यामुळे नव्हे, सहअवस्था तिथे शून्य धरल्यामुळे. जून ते नोव्हेंबरचं वेळापत्रक हवं असेल तर मॉडेल जानेवारीअखेरपर्यंत चालवा आणि शेवटचे दोन महिने टाकून द्या.