रिपोर्ट उघडण्याआधी पाळीच्या तारखा विचारा

बॉण्डवर (सक्तीच्या सरकारी सेवेवर) एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारी, म्हणून सांगली जिल्ह्यात रुजू होणाऱ्यांसाठी मुलींमधल्या पीसीओडीच्या निदानाबद्दल हे लिहितेय. आधी माझी चूक सांगते.

तासगावकडची १५ वर्षांची मुलगी, पाळी सुरू होऊन दीड वर्ष झालेलं. आईनं सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढं केला. "मॅडम, पोरीच्या पोटात गाठी हाईत म्हणं. लगीन जमंल न्हवं?" मी रिपोर्ट वाचला, केसपेपरवर 'पीसीओडी' (बीजांडाचा हार्मोन बिघडण्याशी जोडलेला आजार, यालाच पीसीओएसही म्हणतात) लिहिलं आणि हार्मोनच्या गोळ्या दिल्या. पुढच्या वेळी तारखा विचारल्या, तर पाळी ४० दिवसांनी येत होती. त्या वयात हे चालतं. पहिलं वर्ष सरल्यावर तिसऱ्या वर्षापर्यंत २१ ते ४५ दिवस, त्यानंतर २१ ते ३५. गोळ्या त्याच दिवशी थांबवल्या. 'गाठ' हा शब्द मात्र त्या माउलीच्या डोक्यातून काढायला तीन खेपा लागल्या. त्या गाठी नसतातच, वाढ अर्धवट थांबलेली बीजकोषं असतात, आणि कोवळ्या वयात ती भरपूर दिसतात.

म्हणून पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाळी सुरू झाल्यापासून ८ वर्षं निदानासाठी सोनोग्राफी किंवा एएमएच (बीजकोषांतून येणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी) वापरायचं नाही. अनियमित पाळी आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण (जसे चेहऱ्यावर, अंगावर जाड केस), दोन्ही हवीत. मोठ्या बाईत या दोन आणि सोनोग्राफी किंवा एएमएच, अशा तीनपैकी दोन पुरतात. पाळी बिघडवणारी दुसरी कारणं वगळायला थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) आणि १७-ओएचपी (अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या बिघाडाची तपासणी) केल्याशिवाय पीसीओडीचा शिक्का मारू नका.

तपासताना घाई नको. "अंगावर केस आहेत का?" विचारलं की मुली नाही म्हणतात. एकीनं ओढणी सोडली तेव्हा हनुवटीवर दोऱ्यानं केस काढल्याचे लाल ठिपके दिसले. तेव्हापासून मी विचारते, "केस किती दिवसांनी काढतेस?" मानेची मागची बाजूही बघा. तिथला काळा जाड पट्टा बघून आई पोरीवर ओरडते, "नीट घासत न्हाई!" तो मळ नसतो, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते, हे आईसमोरच सांगा. पोरीचा चेहरा लगेच बदलतो.

साखर नुसती उपाशीपोटी बघून भागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यावं लागतं. त्यामुळं पहिल्या एसटीनं, काही न खाता यायला सांगा. बीपीही घ्या.

पाळी तीन महिने आलीच नाही तर "लग्नानंतर होईल नीट" म्हणून सोडू नका, गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. पाळीच्या गोळ्या देण्याआधी आईला बाहेर बसवून मुलीशी एकटीशी बोला, यूपीटी (लघवीवरची गर्भचाचणी) करा. मूल हवं असेल तर लेट्रोझोलसाठी (बीज तयार व्हायला मदत करणारं औषध) स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवा. आणि मन कसं आहे, झोप लागते का, हे दर खेपेला विचारा.

ती तासगावची मुलगी गेल्या महिन्यात आली होती. वहीच्या मागच्या पानावर नऊ तारखा लिहून आणल्या होत्या. शेवटची चार अंतरं ३२ ते ३५ दिवसांची.