विवाल्दीचं ‘ग्लोरिया’ बडोद्यात बसवताना

हार्मोनियमवर तयार झालेल्या गळ्यांना घेऊन थेट बाखच्या वाटेला जाऊ नका. आधी इटालियन संगीतकार विवाल्दीचं ‘ग्लोरिया’ (त्याच्या रचनांच्या सूचीत आरव्ही ५८९) घ्या: वाद्यांसह गायचं लॅटिन समूहगान. बारा भाग, सगळं मिळून अर्धा तास. १७१५च्या सुमारास व्हेनिसच्या पिएता अनाथालयातल्या मुलींसाठी लिहिलेलं.

वीस-चोवीस गायक पुरतात: सोप्रानो (बायकांचे वरचे आवाज) आठ, आल्टो (बायकांचे खालचे) सहा, बाकीचे पुरुष. टेनर, म्हणजे पुरुषांचे वरचे आवाज, मिळत नाहीत, ते आधी शोधा.

पहिला भाग डी मेजर, म्हणजे पांढरी दोन, बिलावलचे स्वर. इथे कुणी अडत नाही. दुसरा, ‘एत इन तेरा पाक्स’, बी मायनर: मघाचा शुद्ध ध आता सा होतो. मनात जुना षड्ज धरून बसलेला गायक इथे हमखास घसरतो. म्हणून तालमीत प्रत्येक भागाआधी पेटीवर नवा सा द्या. चौथ्या-पाचव्याला पांढरी तीन, सहाव्याला पांढरी एक, सातव्याला पांढरी चार. तानपुऱ्याचं अ‍ॅप मात्र बंदच ठेवा.

खरा घाम दुसऱ्या भागातच निघतो. एक आवाज जुना स्वर धरून राहतो, दुसरा पुढे सरकतो आणि दोघे शेजारच्या स्वरांवर घासतात. आपल्या कानाला ते बेसूर वाटतं, म्हणून धरणारा लवकर सोडून देतो आणि सगळी मजा जाते. दोनच आवाज घ्या, लय निम्मी करा, घासणारा स्वर पूर्ण मोजून धरायला लावा. शेजारी बसलेल्यांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही. कुणी कुठे घ्यायचा ते पेन्सिलीनं लिहून ठेवा. मींड कुठेच नको. ती जात नसेल तर ओळ आधी नुसत्या ‘त त’वर तोडून म्हणवून घ्या.

लॅटिनचे उच्चार इटालियन धाटणीचे: एक्शेल्सिस, ग्रात्सियास, आजिमुस. त आणि द आपलेच दंत्य. इंग्रजी सवयीनं ‘डेओ’ म्हणणाऱ्याला लगेच टोका.

वाद्यांत पहिली व्हायोलिनं तीन, दुसरी तीन, व्हायोला दोन, चेलो आणि डबल बास एकेक, शिवाय ओबो (सनईच्या जातीचं फुंकवाद्य), ट्रम्पेट आणि हार्पसिकॉर्डच्या (पियानोच्या आधीचं तारांचं वाद्य) आवाजाचा कीबोर्ड. ओबोवाला नसेल तर सहाव्या भागातली त्याची ओळ व्हायोलिनला द्या, विवाल्दीनंच ती सोय ठेवली आहे. सा-पावर जुळवलेलं व्हायोलिन चालणार नाही. तारा जी-डी-ए-ई हव्यात, आणि जुनी तार वर चढवताना तुटते. लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेट बहुधा बी फ्लॅटचा असतो, त्याचा कागद एक स्वर वर, ई मेजरमध्ये लिहून द्या. त्याला पहिला, अकरावा आणि बारावा एवढेच भाग. अकरावा म्हणजे पहिल्याचंच छोटं रूप, त्यामुळे हे दोन एकत्र बसवा. बारावा फ्यूग (एकच ओळ आवाज एकामागून एक उचलतात) मात्र पहिल्या आठवड्यापासून रोज थोडा थोडा घ्या.

तारीख कमुरतांत धरा, १६ डिसेंबर ते १४ जानेवारी: लग्नं नसतात, ट्रम्पेटवाला मोकळा असतो. पण उत्तरायणाच्या आधीच उरका. नवरात्रात तालीम ठेवूच नका. गरब्यानं बसलेल्या घशांतून सोप्रानो निघत नाही.